कापूस, रंग आणि राजाबाई

परवा फोर्टात एका कामासाठी जाणं झालं. काम लवकर आटपलं, म्हणून ओव्हल मैदानाच्या कडेने चालत निघालो. राजाबाई टॉवर दिसला की मान वर करायची ही जुनी सवय. लहानपणी वडिलांबरोबर लालबागहून इकडे यायचो तेव्हा ते बोट दाखवून दरवेळी एकच सांगायचे, "हे कापसाच्या पैशांतून उभं राहिलंय." आमचे अण्णा गिरणीत साच्यांवर. त्यांना सगळीकडे कापूसच दिसणार, असं मला वाटायचं. पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं, अण्णांचं बरोबर होतं.

मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ चा. म्हणजे उत्तरेत उठाव पेटलेला आणि इकडे सरकार विद्यापीठ काढतंय! अर्थात ते ठरलं होतं आधीच, १८५४ च्या वुडच्या खलित्यात. कंपनीला कारभारासाठी इंग्रजी शिकलेली माणसं हवी होती आणि खर्च फार करायचा नव्हता. म्हणून नमुना निवडला लंडन विद्यापीठाचा. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. स्वस्तात मस्त. १८६२ साली पहिले बी.ए. झाले ते चार जण: रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे. चौघेही पुढे नावारूपाला आले, पण त्या वेळी विद्यापीठाला स्वतःची इमारतसुद्धा नव्हती.

इमारत आली ती अमेरिकेच्या कृपेने. १८६१ ला तिथे यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशांचा नुसता पाऊस. बँका निघाल्या, समुद्रात भर घालण्याच्या कंपन्या निघाल्या, ज्याच्या त्याच्या तोंडी शेअर. या सगळ्याचा राजा प्रेमचंद रायचंद. त्याने १८६४ मध्ये विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख दिले आणि मग मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आईचं नाव. सभागृहासाठी कावसजी जहांगीर रेडीमनींनी पैसे दिले. १८६५ ला अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळले, १ जुलैला सौद्यांचा हिशेब चुकता करायची वेळ आली आणि अर्धी मुंबई बुडाली. प्रेमचंदही त्यात होता. पण विद्यापीठाचं दान वाचलं होतं. मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला, तेव्हा ती तेजी लोक विसरूनही गेले असतील.

इथे मला थांबावंसं वाटतं. आपण विद्यापीठाला 'ज्ञानमंदिर' वगैरे म्हणतो, पण त्याच्या पायात मिसिसिपीच्या काठची लढाई आणि वऱ्हाड-खानदेशातला कापूस आहे. आणि तो कापूस पिकवणाऱ्याच्या मुलाला या दारातून आत यायला आणखी किती वर्षं लागली?

राजकारण पहिल्या दिवसापासूनच होतं. कुलपती म्हणजे मुंबईचा गव्हर्नर. तरीही सिनेटमध्ये फिरोजशहा मेहतांसारखी माणसं सरकारला अडवू लागली, तेव्हा कर्झनने १९०४ चा कायदा आणला. सिनेटमध्ये जास्तीत जास्त शंभर जण आणि त्यांत निवडून आलेले फक्त वीस. बाकी बहुतेक सगळे सरकारने नेमलेले. पदवीधर भाषणं करतात हे साहेबाला पसंत नव्हतं. (साहेब गेला, पण कुलपती आजही राज्यपालच आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये राज्य सरकारने कायदा बदलून कुलगुरूंच्या निवडीत आपला हात घालायचा बेत केला, सरकार बदललं आणि तो बेत २०२२ ला मागे घेतला गेला. दोन्ही वेळा बोलायला शब्द एकच, स्वायत्तता.)

स्वतः शिकवायला विद्यापीठाने सुरुवात केली ती १९१९ च्या सुमारास, समाजशास्त्रापासून, पॅट्रिक गेडिस यांना आणून. आमच्या भागाशी संबंध आला मात्र १९३३ मध्ये. माटुंग्याचं यू.डी.सी.टी. तेव्हाचं. परळ-लालबागच्या गिरण्यांना कापड रंगवायला, ब्लीच करायला शिकलेली माणसं हवी होती, आणि देणग्या देणारे व्यापारीही होते. म्हणून आधी शाखा निघाल्या त्या वस्त्ररसायन आणि केमिकल इंजिनिअरिंगच्या. रंगखात्याचा धूर आणि विद्यापीठाची प्रयोगशाळा यांच्यात चालत जाण्याइतकंच अंतर. पुढे गिरण्या गेल्या, ही संस्था राहिली, नावारूपाला आली आणि २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ होऊन मुंबई विद्यापीठातून बाहेरही पडली. कर्तबगार मुलगा वेगळा बिऱ्हाड करतो तसं.

दुसरी धार वेगळी आहे. १९४६ च्या जूनमध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्याला शिकता यावं. एवढ्या साध्या वेळापत्रकाने किती घरं बदलली असतील. स्वातंत्र्यानंतर सरकारने अनुदानित कॉलेजांतल्या शिक्षकांचे पगार उचलले, म्हणून फी कमी राहिली. दादरला १९५४ मध्ये कीर्ती, परळला १९६२ मध्ये महर्षी दयानंद. गिरणगावातली पोरं चालत कॉलेजात जाऊ लागली.

त्यातलाच मी एक. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. घरात पगार नाही. चाळीत कुणी भाजी विकायला बसलं, कुणी गावी गेलं. अण्णा सकाळी डबा न घेता बाहेर पडायचे आणि संध्याकाळी येऊन गप्प बसायचे. पण माझं कॉलेज सुटलं नाही. ई.बी.सी.चा फॉर्म भरला, उत्पन्नाचा दाखला जोडला, फी माफ. त्या एका कागदावर आमच्या घराची पुढची सगळी गणितं उभी आहेत. तो कागद कुणी उपकार म्हणून दिला नव्हता, तो हक्क होता, हे मला फार उशिरा कळलं.

गंमत बघा, संपाला दीड-दोन वर्षं होत नाहीत तोच, १९८३ मध्ये, वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी दिली. सरकारकडे पैसा नाही, जागा हव्या तर ज्यांच्याकडे आहे त्यांनी द्यावा. साखर कारखान्यांच्या जोरावर मोठे झालेले पुढारी शिक्षणसम्राट झाले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हीच रीत आर्ट्स-कॉमर्सच्या कॉलेजांत आली. बी.एम.एस., बी.एम.एम. असे स्वयंअर्थसहाय्यित कोर्स. इमारत तीच, कँटीन तेच, फक्त फीच्या खिडक्या दोन. शिकवणाऱ्यांचंही तसंच. कायम जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आणि तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात लोकलने पळतायत.

यात सगळं वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. त्या नव्या कोर्सांतून आमच्या चाळीतली मुलंही चांगल्या नोकऱ्यांना लागली. पण शेजारच्या मुलीच्या फीसाठी तिच्या आईने पतपेढीतून कर्ज काढलं तेव्हा पावती माझ्या हातात होती, आणि मला माझा ई.बी.सी.चा फॉर्म आठवला.

टॉवरची डागडुजी २०१५ मध्ये पुरी झाली, पैसा दिला टी.सी.एस.ने. कापसाच्या पैशांतून बांधलेला मनोरा सॉफ्टवेअरच्या पैशांतून उजळला. अण्णा असते तर त्यांना हे सांगितलं असतं. ते काय म्हणाले असते कोण जाणे. घड्याळात साडेपाच होत आले होते, गर्दी व्हायच्या आत सी.एस.एम.टी. गाठून करी रोडची स्लो लोकल पकडली.