राणीछाप रुपया : चांदी, साल आणि मोल

महाराष्ट्रातील अनेक जुन्या व्यापारी घराण्यांत तिजोरीच्या तळाशी राणीछाप रुपयांची एक थैली जपलेली असते. लक्ष्मीपूजनाला ती बाहेर निघते आणि पुन्हा वर्षभर बंद राहते. घरात वाटणीची वेळ आली की मात्र प्रश्न उभा राहतो : या नाण्यांची किंमत किती? कोणी ऐकीव लाखांचा आकडा सांगतो, तर सराफ मोडीचा भाव देतो. हे अंतर का पडते, याचे उत्तर इतिहासात सापडते.

१८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखात एकसारखा रुपया सुरू केला. त्याचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. ८० तोळ्यांचा शेर असल्याने या रुपयांनी मालही तोलला जाई. १९३९ पर्यंत हे प्रमाण टिकले. १९४० मध्ये, महायुद्धाच्या काळात, चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया निघाला. साहजिकच लोकांनी अस्सल रुपया घरात ठेवला व हलका बाजारात चालविला. व्हिक्टोरिया राणीचे रुपये आज घरोघरी आढळतात ते या व्यवहारज्ञानामुळे. आणि ते विपुल असल्यामुळेच बहुतेकांना चांदीच्या भावाहून थोडेच अधिक मिळते. १८६२ साल असलेला रुपया जुना खरा, परंतु तेच साल १८७४ पर्यंत नाण्यांवर कायम राहिल्याने तो दुर्मीळ नाही.

याउलट, जे साठविले गेले नाही तेच दुर्मीळ झाले. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्ज बादशहाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. बहुतेक नाणी वितळवून पुढील वर्षी चित्र सुधारण्यात आले. १९३९ चे रुपयेही बहुतांशी वितळविले गेले. म्हणूनच या सालांना संग्राहक मोठी किंमत देतात, आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही होतात. रामपंचायतन कोरलेली, कंपनीचे नाव व १८१८ साल असलेली नाणी तर कंपनीने कधी पाडलीच नाहीत.

नोटांची कथा याच वळणाची आहे. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाल्याने १९१७ मध्ये एक रुपयाची व १९१८ मध्ये अडीच रुपयांची नोट निघाली. कागद टिकत नाही. त्यामुळे घडी न पडलेल्या अशा नोटेला विशेष मोल येते. २०१६ मध्ये रद्द झालेल्या ५०० व १००० च्या नोटांबाबत मात्र सावध राहावे. २०१७ च्या कायद्यानुसार दहापेक्षा अधिक नोटा बाळगणे गुन्हा आहे. अभ्यास वा नाणेसंग्रहासाठी ही मर्यादा पंचवीस आहे.

वारसदारांनी नाणी चिंचेने घासू नयेत. त्याने झळाळी येते पण संग्राहकाच्या दृष्टीने मोल उतरते. प्रत्येक नाण्याचे साल, छाप व वजन यांची यादी करावी आणि मागितलेली किंमत न पाहता लिलावात प्रत्यक्ष मिळालेली किंमत पाहावी. जुन्या नाण्यांच्या विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा त्या बँकेने २०२१ मध्येच दिला आहे. पूजेच्या पाटावरील रुपयाचे स्थान बाजारभावाने ठरत नाही. भावाभावांतील वाटणी मात्र खऱ्या आकड्यावरच व्हावयास हवी.