अंगठ्याएवढी काठी

गटाच्या प्रशिक्षणात, बँकेत, शेतीच्या बैठकीत एक इंग्रजी शब्द हमखास कानावर पडतो, ‘थंब रूल’. थंब म्हणजे अंगठा, रूल म्हणजे नियम. मराठीत आपण त्याला ठोकताळा म्हणतो. मोजपट्टी न लावता अनुभवाने बांधलेला अंदाज. आपण पिठात मीठ चिमटीने टाकतो, रोपं वितीच्या अंतराने लावतो, तसंच ते.

या शब्दाची एक गोष्ट जगभर पसरली आहे. आम्हीही ती खरी मानत होतो, एका बैठकीत सांगूनही मोकळ्या झालो होतो. इंग्लंडात म्हणे कायदाच होता, नवऱ्याने बायकोला मारावं, फक्त काठी अंगठ्यापेक्षा जाड नको. त्यावरून ‘थंब रूल’. ऐकताना अंगावर काटा येतो, आणि पटतंही लगेच. पण असा कायदा कधी झालाच नाही. शब्द सतराव्या शतकापासून छापलेला सापडतो. तिथे ना बायको आहे ना काठी, आहेत ते अंदाजाने बांधकाम करणारे कारागीर.

मग काठी आली कुठून? इंग्लंडात फ्रान्सिस बुलर नावाचे न्यायाधीश होते. अंगठ्याएवढ्या काठीने बायकोला मारायला हरकत नाही, असं ते म्हणाल्याची बोलवा १७८२ साली उठली. खरंच म्हणाले का, याची नोंद कुठल्याच निकालात मिळत नाही. पण जेम्स गिलरे या चित्रकाराने लगेच व्यंगचित्र काढलं. न्यायाधीश महाराज काठ्यांच्या मोळ्या घेऊन विकायला निघालेत, काठ्यांच्या टोकाला अंगठे आहेत, आणि मागे एक नवरा बायकोला मारतोय. ‘जज थंब’ हे नाव बुलरना कायमचं चिकटलं.

म्हणजे सगळी थापच का? तसं नाही, आणि खरी गोष्ट इथेच आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात १८६८ साली एक खटला वरच्या कोर्टात गेला. नवऱ्याने बायकोला छडीचे तीन फटके मारले होते. छडी अंगठ्यापेक्षा बारीक होती, म्हणून खालच्या न्यायाधीशाने त्याला सोडलं. वरचं कोर्ट म्हणालं, काठीच्या जाडीवर आम्ही जाणार नाही, इजा किती झाली ते बघू. पण किरकोळ मारहाणीसाठी कोर्टाने घरात शिरू नये, म्हणून नवरा सुटलाच. १८७४ साली त्याच कोर्टाने दुसऱ्या एका नवऱ्याची शिक्षा कायम केली आणि बायकोला मारायचा हक्क नवऱ्याला नाही, हे स्पष्ट सांगितलं. तरी वर जोडलंच, कायमची इजा नसेल तर पडदा ओढावा, दोघांनी विसरून जावं.

हा पडदा आपल्या ओळखीचा आहे. ‘घरातलं घरात राहू दे’ असं म्हणणारी सासू, काकी, कधी कधी आपण स्वतःच. आम्हाला तर त्या काठीपेक्षा हा पडदाच जास्त जाड वाटतो.

पुढे १९७० नंतर अमेरिकेतल्या बायकांनी मारहाणीविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा काठीची गोष्ट आणि हा शब्द एकत्र बांधले गेले. १९८२ च्या एका सरकारी अहवालाच्या नावातही ‘रूल ऑफ थंब’ आलं. गोष्ट चुकीची निघाल्यावर काहींनी बायकांनाच खोटं ठरवलं. म्हणून बैठकीत सांगायचं तर त्या दोन खटल्यांचं सांगावं. ते कागदावर आहेत, कुणाला खोडता येत नाहीत.

आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात काठीची जाडी कुणी विचारत नाही. मारहाण तर आलीच, पण शिवीगाळ, घालूनपाडून बोलणं, खर्चाला पैसे न देणं, घराबाहेर काढणं हीसुद्धा हिंसाच धरली आहे. आणि कळवायला त्या बाईनेच जायला हवं असं नाही. शेजारीण किंवा गटातली मैत्रीणही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. चांगल्या हेतूने कळवलं, तर तिच्यावर काही बालंट येत नाही.