बरोबरीचं काय करायचं?

‘दोघंही अगदी सारखेच!’ हे वाक्य आपल्याकडे फक्त जुळ्यांच्या बारशात खपतं. एरवी बरोबरी कुणालाच परवडत नाही. निवडणुकीत समान मतं पडली की भांड्यात चिठ्ठ्या टाकतात आणि ज्याला मतदान करायला अजून दहा-बारा वर्षं अवकाश आहे अशा पोराला एक उचलायला सांगतात. २०१७ साली खुद्द मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत अतुल शाह आणि सुरेंद्र बागलकर यांना सारखी मतं पडली आणि चिठ्ठीनं शाहांना नगरसेवक केलं. मुंबईची ही तऱ्हा, तर आमच्या माकणीनं काय वेगळं करावं? चिठ्ठीनं हरलेल्या उमेदवाराची पंचाईत अशी, की रागवायचं कुणावर? पोरगं तर केव्हाच गोळी चोखत निघून गेलेलं असतं.

फुटबॉलवाले साहेबलोक काही शास्त्रशुद्ध करत असतील असं वाटतं ना? छे! २४ मार्च १९६५ रोजी रॉटरडॅमला लिव्हरपूल आणि जर्मनीचा कलोन हे संघ तिसऱ्यांदा भिडले. आधीचे दोन सामने गोलशून्य, हा २-२. शेवटी पंचांनी लाल-पांढरी चकती उडवली. ती चिखलात उभी राहिली! म्हणजे दैवालासुद्धा निकाल देववेना. पुन्हा उडवली, लिव्हरपूल पुढे गेलं. कलोनचा वेबर त्या दिवशी पायाचं हाड मोडलेलं असताना खेळत राहिला होता. त्याच्या हाडापेक्षा चकतीची किंमत जास्त ठरली.

हे काही खरं नव्हे, असं ज्यांना वाटलं त्यांच्यात कार्ल वाल्ड नावाचे बव्हेरियातले एक पंच होते. पेशानं केशकर्तनकार. गावातले तंटे कुठे ऐकू येतात आणि कुठे मिटतात हे त्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. १९७० साली त्यांनी सुचवलं, की दोन्ही संघांनी पाच-पाच पेनल्टी माराव्यात. त्याच वर्षी नियम झाला. आपल्या कबड्डीतल्या बरोबरीनंतरच्या पाच-पाच चढाया आठवा, म्हणजे वेगळं समजवायला नको.

जर्मन चषकाच्या अंतिम सामन्याचा निकाल असा लागण्याची पहिली वेळ आली ३१ मे १९८४ रोजी, फ्रँकफर्टला. बायर्न म्युनिक विरुद्ध बोरुसिया मोन्शेनग्लाडबाख. मिलनं ग्लाडबाखला पुढे नेलं, ८२व्या मिनिटाला ड्रेमलरनं बायर्नची बरोबरी साधली. जादा वेळेतही १-१. मग पेनल्टी. ग्लाडबाखकडून पहिला पुढे आला तेवीस वर्षांचा लोथार माथेउस. आणि या पोराचं पुढच्या मोसमासाठी बायर्नशी ठरलेलं! म्हणजे साखरपुडा झालेला, आणि माहेरच्या बाजूनं सासरच्यांवरच गोल करायचा. चेंडू गेला गोलावरून थेट आकाशात. पुढे बायर्नच्या आउगेनथालरनंही चूक केली, हिशेब सारखा झाला. शेवटी ग्लाडबाखचा रिंगेल्स चुकला, मिखाएल रुमेनिगेनं गोल केला आणि बायर्न ७-६ जिंकलं. पण रिंगेल्स कुणाच्या लक्षात आहे? लोकांनी धरला तो माथेउसला. ‘मुद्दाम मारला’ हा संशय त्याला चिकटला तो कायमचा. १९९०मध्ये त्यानं कर्णधार म्हणून विश्वचषक उचलला, तरी ग्लाडबाखच्या माणसाला तो आकाशातला चेंडूच दिसतो.

उलटही घडतं. २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना हैदराबाद आणि केरळ यांच्यात झाला. केरळ पुढे, ८८व्या मिनिटाला गोव्याच्याच साहिल तावोरानं बरोबरी केली. मग पेनल्टी. हैदराबादचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी, तोही गोव्याचा, त्यानं तीन फटके अडवले आणि ३-१नं चषक नेला. पेनल्टीत गोलरक्षकाकडून कुणी फार अपेक्षा ठेवत नाही. म्हणून त्याला फक्त कमवायचं असतं. मारणाऱ्याला मात्र फक्त गमवायचं असतं.

केशकर्तनकार वाल्डांनी दैवाच्या हातून निकाल काढून माणसाच्या पायात दिला, हे न्यायाचंच झालं. पण चकतीला कुणी फितूर म्हणत नव्हतं. बारा यार्डांवर एकटं उभं राहण्याची किंमत नंतर तो एकटाच फेडतो. बाकीचे दहा जण रांगेत खांद्यावर हात टाकून उभे असतात. म्हणून कुणाचा चेंडू आकाशात गेला, की मी तरी आधी त्याच्या वयाची चौकशी करतो. बहुधा ते तेविसाच्या आसपास निघतं.