टिकी कोणाची?

‘टिकी’ म्हटले की आपल्याला कपाळावरची टिकली आठवायची! पण ही टिकी आहे पॅसिफिक महासागरातील बेटांची. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या अनेक पुराणकथांत टिकी हे आदिपुरुषाचे नाव. हिरव्या दगडात कोरलेली, मान कलती ठेवलेली जी लहानशी मूर्ती ते गळ्यात घालतात, ती हेइ-टिकी. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत येणारे लेणे. मार्केझास बेटांवर पूर्वजांच्या दगडी व लाकडी मूर्तींनाही टिकीच म्हणतात. ताहितीत या शब्दाचा ‘तिई’ झाला, हवाईत ‘किई’.

मग ‘टिकी-कला’ म्हणून जी जगभर ओळखली जाते, ती हीच काय? नव्हे. ती जन्मली अमेरिकेत. १९३३ साली तेथील दारूबंदी उठली आणि त्याच सुमारास अर्नेस्ट गँट नावाच्या भटक्या गृहस्थाने हॉलिवुडात बांबू आणि चटया लावून एक मद्यगृह थाटले. पुढे ओकलंडच्या व्हिक्टर बर्जरॉनने त्याचाच कित्ता गिरवला. महायुद्धाहून परतलेल्या शिपायांना दक्षिण समुद्राची ओढ होतीच. १९५६ साली कॅलिफोर्नियातील व्हिटियर गावी दोघा मित्रांनी अशा मूर्ती कोरून विकण्याचे दुकान काढले. ते २०२१ पर्यंत चालले. ईस्टर बेटावरचे मोआई, न्यू गिनीचे मुखवटे, जे हाती लागेल त्याला या मंडळींनी ‘टिकी’ म्हटले आणि त्या चेहऱ्यांचे मातीचे पेले केले.

स्वेन कर्स्टन यांनी २००० साली या साऱ्यावर ग्रंथ लिहिला. एका अमेरिकन पिढीची हौस म्हणून त्यांनी तिच्याकडे पाहिले. मला ते पटते. त्या कारागिरांच्या हातात कसब होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. माझी कसोटी साधी आहे : मूर्ती कोणासाठी कोरली? पूर्वजासाठी कोरली ती टिकी, गिऱ्हाइकासाठी कोरली ती टिकी-कला. हा शब्दच्छल नव्हे. आपल्या देव्हाऱ्यातील पूर्वजांचा टाक कोणी परमुलखात मद्याच्या पेल्यावर उमटवला आणि वर त्यालाच ‘टाक-कला’ म्हणू लागला, तर आपल्याला कसे वाटेल?

हवाईचा इतिहास तर फारच चटका लावणारा. १८१९ साली, मिशनरी येऊन पोहोचण्यापूर्वीच, तरुण राजा लिहोलिहो याने जुने विधिनिषेध मोडले. स्त्रियांच्या पंक्तीला बसून तो जेवला! देवळे पाडण्याची, मूर्ती नष्ट करण्याची आज्ञा सुटली. कू या देवाच्या माणसाहून उंच अशा लाकडी मूर्तींपैकी आज तीनच उरल्या आहेत. २०१० साली होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात त्या तिन्ही एकत्र उभ्या राहिल्या. हवाईची माणसे दर्शनाला आली. प्रदर्शन संपले, आणि एक मूर्ती लंडनला परत गेली, दुसरी अमेरिकेतील सेलम गावी. होनोलुलूची तेवढी तेथेच राहिली.