‘पंचावन्न कोटी’ : एका समजुतीचे आयुष्य

गांधीजींनी पाकिस्तानला पंचावन्न कोटी रुपये दिले, म्हणून त्यांचा ‘वध’ झाला, ही समजूत महाराष्ट्रात अद्याप ऐकू येते. वस्तुतः अविभक्त भारताच्या रोख शिलकेतील पाकिस्तानचा वाटा ७५ कोटींचा ठरला होता. पैकी २० कोटी आधीच पोचले होते. १३ जानेवारी १९४८ रोजी आरंभिलेल्या उपोषणाचे दडपण सरकारवर आले, हे खरेच. परंतु १५ तारखेस रक्कम देण्याचा निर्णय होऊनही उपोषण १८ पर्यंत चालले. ज्या सात अटींवर ते सुटले, त्यांत पैशाचा उल्लेख नाही.

हे वारंवार छापले गेले, तरी समजूत टिकते. मराठीत ‘देणे’ हे नाम ऋणवाचक आहे. ‘दिले’ या क्रियापदात मात्र ऋण लोपून औदार्य तेवढे उरते. खंडन करणारासही तो आकडा पुन्हा उच्चारावा लागतो. शिवाय ‘वध’ म्हणणारास वध्याचा अपराध दाखवावाच लागतो. आकडा गेला की त्याच्या हाती खून राहतो. पुण्यात २५ जून १९३४ रोजी गांधीजी सत्कारास जात असता बाँब फेकला गेला, तेव्हा पाकिस्तान अस्तित्वात नव्हते. ही तारीख त्या कथनात सहसा येत नाही.