छळ करणाऱ्यांवर प्रीती : ख्रिस्ताची आज्ञा आणि तिचा अर्थ

प्रभू येशूच्या शिकवणुकीत ऐकायला सोपी आणि पाळायला अतिशय कठीण अशी एखादी आज्ञा असेल, तर ती वैऱ्यावर प्रीती करण्याची. डोंगरावरील प्रवचनात (मत्तय ५:४४) ती येते. संत लूक (६:२७-२८) तिचे चार भाग सांगतो : वैऱ्यांवर प्रीती करणे, द्वेष करणाऱ्यांचे बरे करणे, शाप देणाऱ्यांना आशीर्वाद देणे आणि छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करणे. वैरी म्हणजे कोणी दूरचा माणूस असे आपण समजतो. परंतु जमिनीच्या वाटणीत फसवणारा सख्खा भाऊ, घालूनपाडून बोलणारे सासरचे माणूस, चारचौघांत अपमान करणारा वरिष्ठ, अशा ओळखीच्यांकडूनच बहुधा आपल्याला खोल जखमा होतात.

प्रीती म्हणजे काय?

शुभवर्तमानाच्या ग्रीक मूळपाठात येथे ‘अगापे’ या शब्दाच्या कुळातील क्रियापद आहे. ही प्रीती भावनेवर विसंबून नसते. दुसऱ्याचे कल्याण इच्छिणे आणि शक्य तेथे ते करणे, हे तिचे स्वरूप होय. म्हणून छळणाऱ्याविषयी मनात ओढ वाटली नाही, तर ते पाप नव्हे. झालेला अपराध न जाणवणे किंवा तो विसरून जाणे आपल्या हाती नसते, हे कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथही (परिच्छेद २८४३) मान्य करतो. मात्र पवित्र आत्म्याच्या स्वाधीन केलेले अंतःकरण त्या दुःखाचे रूपांतर करुणेत आणि मध्यस्थीच्या प्रार्थनेत करते, अशी त्याची शिकवण आहे.

एक भारतीय साक्ष

केरळमध्ये १९५४ साली जन्मलेल्या सिस्टर राणी मारिया या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या धर्मभगिनी. मध्य प्रदेशातील उदयनगर परिसरात त्या गोरगरीब आदिवासींना सावकारांच्या पाशातून सोडविण्यासाठी झटत होत्या. त्यामुळे ज्यांचे हितसंबंध दुखावले, त्यांच्या चिथावणीवरून २५ फेब्रुवारी १९९५ रोजी समुंदर सिंग याने बसमध्ये सुऱ्याने वार करून त्यांची हत्या केली. २००२ साली राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल रक्षाबंधनाच्या निमित्ताने तुरुंगात गेल्या आणि त्याच हातावर त्यांनी राखी बांधली. कुटुंबाने क्षमा केली, त्याच्या सुटकेला पाठिंबा दिला आणि २००६ मध्ये तो तुरुंगाबाहेर आला. पश्चात्तापाने त्याचे जीवन पालटले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

क्षमा आणि न्याय

क्षमा करणे म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे नव्हे. प्रमुख याजकासमोर चौकशी चालू असताना शिपायाने थोबाडीत मारली, तेव्हा येशूने उलट हात उचलला नाही. पण का मारतोस, असा जाब त्याने विचारला (योहान १८:२३). १३ मे १९८१ रोजी मेहमेत अली आग्जाने गोळ्या झाडल्यानंतर पोप जॉन पॉल दुसरे यांनी चारच दिवसांनी त्याला क्षमा जाहीर केली आणि २७ डिसेंबर १९८३ रोजी तुरुंगात त्याची भेट घेतली. तरीही कायद्याने दिलेली शिक्षा आग्जा भोगतच राहिला. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली ती २००० साली.

घरात मारहाण सोसणाऱ्या भगिनींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. जोडीदारापासून स्वतःला वा मुलांना गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्याची मुभा ख्रिस्तसभेचा कायदा (कलम ११५३) देतो. दुर्बल जोडीदाराला व लहान मुलांना हिंसेपासून वाचविण्यासाठी विभक्त होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते, असे पोप फ्रान्सिस यांनी ‘आमोरिस लेतित्सिया’ या २०१६ च्या पत्रात (परिच्छेद २४१) म्हटले आहे. पोलिसांची मदत घेणे हे क्षमेच्या विरुद्ध नाही. छळणाऱ्याला आणखी पाप करण्यापासून अडविणे, हेही त्याचे कल्याणच आहे.

आरंभ कोठून करावा?

आरंभ प्रार्थनेपासून करावा. दुखावणाऱ्याचे नाव घेऊन रोज एकदा प्रभूची प्रार्थना म्हणावी. त्याची निंदा इतरांपाशी करण्याचे टाळावे. तो अडचणीत सापडला, तर शक्य ती मदत नाकारू नये. मन फारच जड झाले असल्यास आपल्या धर्मगुरूंशी बोलावे. घाव खोल असेल तर क्षमा एका दिवसात होत नाही. ती पुन्हा पुन्हा करावी लागते.

प्रभूच्या प्रार्थनेत आपल्या स्वतःच्या कृतीशी जोडलेली मागणी एकच आहे, ती क्षमेची. प्रार्थना शिकवून झाल्यावर येशू लगेच त्याच मागणीकडे पुन्हा वळला (मत्तय ६:१४-१५). आपण ती रोज म्हणतो. म्हणताना ज्याचा चेहरा डोळ्यांसमोर येतो, त्याच्यापासूनच आपल्याला सुरुवात करायची आहे.