९२ टक्के : गडचिरोलीच्या दोन गावांची गोष्ट

मी दहिसरहून बोलतेय, आणि आजचा भाग एका आकड्यावर आहे. ९२. तुम्ही आत्ता विरार लोकलमध्ये लटकत ऐकत असाल तर एवढा एकच आकडा लक्षात ठेवा, बाकीचं मी सांगते.

आपल्याकडे बाईच्या आरोग्याचा विषय निघाला की दोनच गोष्टी येतात, बाळंतपण आणि कुटुंब नियोजन. म्हणजे मूल होणं, नाहीतर मूल न होऊ देणं. यातलं दुसरं आपल्या मुंबईत फार लवकर सुरू झालं. धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये इथे संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी त्यांचं क्लिनिक उघडलं होतं, म्हणजे आपण जगाच्या मागे नव्हतो. कर्व्यांना मात्र यापायी विल्सन कॉलेजची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, त्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. खटला हरले, दंड झाला, तरी मासिक १९५३ पर्यंत, कर्व्यांच्या शेवटापर्यंत निघत राहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं : मूल कधी आणि किती, हे बाईला ठरवता आलं पाहिजे.

पुढे काय झालं बघा. १९५२ मध्ये भारताने राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला, असा कार्यक्रम घेणारा जगातला पहिला देश आपला. पण हळूहळू 'बाईला काय हवंय' हा प्रश्न मागे पडला आणि 'लोकसंख्या किती कमी झाली' हा पुढे आला. गावोगावच्या कर्मचाऱ्यांना टार्गेट मिळायला लागलं, या वर्षी इतकी ऑपरेशनं. आणीबाणीत तर १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. त्यात पुरुष जास्त होते. लोक चिडले, सरकार पडलं, आणि त्यानंतर पुरुषांना हात लावायची हिंमत कुणी केली नाही. टार्गेट तसंच राहिलं, फक्त ते बायकांवर आलं. शाळेत नाहीतर आरोग्य केंद्रात कॅम्प लागायचे, एका दिवसात रांगेने ऑपरेशनं व्हायची. त्याच बाईला वर्षभर ओटीपोटात दुखतंय का, हे विचारायचा रकाना फॉर्ममध्ये नव्हताच.

आता गडचिरोलीत जाऊ. मुंबईपासून राज्याचं दुसरं टोक. डॉ. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ, मूळच्या चंद्रपूरच्या. त्या आणि डॉ. अभय बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून परत आले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत त्यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली. बायका राणीताईंशी बोलायला लागल्या. अंगावरून पांढरं जातं, पाळीत फार जातं, कंबर दुखते. मग प्रश्न आला, हे गावात किती जणींना आहे? उत्तर कुठेच नव्हतं. विकसनशील देशांत या आजारांची जी आकडेवारी होती ती बहुतेक हॉस्पिटलातली, म्हणजे ज्या बायका हॉस्पिटलपर्यंत पोचल्या त्यांचीच.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे मला हे लगेच कळलं. टिकेट आलं नाही म्हणजे बग नाही, असं होत नाही. कदाचित टिकेट टाकायची सोयच नसते.

बंग दाम्पत्याने मग वसा आणि अमिर्झा ही दोन गावं घेतली. लग्न न झालेल्या मुलींसकट ६५० जणींची विचारपूस केली, गावातच तपासणी केली, प्रयोगशाळेतल्या चाचण्या केल्या. ५५ टक्के जणींनी त्रास सांगितला, ४५ टक्के म्हणाल्या काही नाही. तपासणीत मात्र ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. म्हणजे 'काही नाही' म्हणणाऱ्यांतल्याही बहुतेक आजारीच होत्या. एकेकीला सरासरी ३.६ आजार, त्यातले निम्मे जंतुसंसर्गाचे. आणि याआधी कधीतरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या किती? ८ टक्के.

जानेवारी १९८९ मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि जगभर गाजला. कारण आता कुणाला म्हणता येईना की बायकांना फक्त बाळंतपणात डॉक्टर लागतो. १९९४ मध्ये कैरोला संयुक्त राष्ट्रांची लोकसंख्या परिषद भरली, १७९ देश आले. लोकसंख्येच्या टार्गेटऐवजी प्रजनन आरोग्य आणि हक्क, असं तिथे ठरलं. हे जगभरच्या स्त्री संघटनांनी अनेक वर्षं लढून मिळवलं होतं, पण त्या वादात हातात धरायला जे पुरावे होते त्यातला एक आपल्या गडचिरोलीचा होता. भारताने १९९६ मध्ये गर्भनिरोधनाची टार्गेट काढली आणि १९९७ मध्ये प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम आणला.

मग संपला का प्रश्न? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली आहे. त्यांच्या नवऱ्यांची? ०.३ टक्के. टार्गेट कागदावरून गेलं, ओझं तिथेच आहे.

आणि हे फक्त खेड्यातलं नाही. तीन वर्षांपूर्वी माझी पाळी चार-चार महिने यायची नाही. एका डॉक्टरांनी फाइलही न उघडता सांगितलं, "लग्न झालं की होईल ठीक." घरी आई म्हणाली, "आमच्या वेळी पण असंच होतं गं." आई चुकीचं सांगत नव्हती. तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. पुढे दुसऱ्या डॉक्टरबाईंनी वीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले, मग सोनोग्राफी, मग पीसीओएसचं निदान. औषधापेक्षा ती वीस मिनिटं मला मोठी वाटली.

म्हणून थोडं कामाचं बोलते. थोडं पांढरं जाणं नॉर्मल असतं. पण वास, खाज, रंग बदलणं, ओटीपोटात दुखणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, हे अंगावर काढायचं नाही. आणि पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर अजिबात थांबायचं नाही. मुलांनो, तुम्हीही ऐका. घरात आई, मावशी, आजी असतील. "बरी आहेस ना?" असं विचारलंत तर "हो" हेच उत्तर येणार, वसा-अमिर्झातल्या ४५ टक्क्यांसारखं. "तुझी शेवटची तपासणी कधी झाली होती?" असं विचारा.

पुढच्या भागात 'समाजस्वास्थ्य'चा खटला आणि कोर्टातले बाबासाहेब. तोपर्यंत काळजी घ्या!